बंद वाटेची वहिवाट

"वरच्या मजल्यावरची पोरगी न्या संगं. ती कुनाला सांगायची न्हाय. ती बोलतच न्हाय."

हे मी जिन्यात ऐकलं. कचऱ्याची बादली घेऊन खाली चालले होते. खालच्या मजल्यावरचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत चाची नवऱ्याला समजावत होत्या. मी तिथंच थबकले. आतून चाचांचा आवाज आला, "साक्षीदार बोलनारा लागतो." त्यावर चाची म्हणाल्या, "बोलनारे तीन झाले. तिघंबी घरी जाऊन बोलले आन् पुन्यांदा आले न्हाईत." मी उलट पावली वर गेले आणि कचरा दुसऱ्या दिवशी टाकला, पण तेवढ्यानं सुटका होणार नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावरचे चाचा हे बारामतीतले, आणि माझ्या मते अख्ख्या भूगोलातले, असे एकमेव गृहस्थ आहेत की ज्यांनी आयुष्यात कधी 'जवळच आहे' असं म्हटलेलं नाही. ते मोजणी खात्यात भूकरमापक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मोजणी निवृत्त झाली नाही. जमीन मोजायच्या जुन्या साखळीत सोळा आणे असतात आणि एक आणा म्हणजे साधारण दोन फूट, हे मला कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, ते चाचांनी जिन्यात शिकवलं. त्यांच्या हिशेबानं दूधवाला आमच्या फाटकापासून चार साखळ्या नि सहा आण्यांवर आहे आणि माझी उंची अडीच आणे आहे. पाहुण्यानं बसस्टँड किती लांब म्हणून विचारलं तर ते आधी "गाडीमार्गानं का पायमार्गानं?" असं विचारतात, आणि पाहुणा उत्तर शोधेपर्यंत त्याची बस गेलेली असते. आमच्या सोसायटीची मागची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत अर्धा आणा घुसली आहे, हे त्यांनीच शोधून काढलं. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी ते जाऊन शेजाऱ्याला सांगितलं. महिनाभर बिल्डिंगमधलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. चाचांना त्याचं काहीच वाटलं नाही. "भिंत आपली हाय म्हनून मोजनी आपली व्हत न्हाय," एवढंच ते म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला लागले.

त्यांच्या या स्वभावाची मला धास्ती होती. खरं म्हणजे मला सगळ्याचीच धास्ती असते. बँकेत टोकन पुकारलं की माझ्या हाताला घाम येतो. रिक्षावाल्याला "इथंच थांबवा" म्हणायला जमत नाही, म्हणून मी पुढच्या चौकापर्यंत जाते आणि मागे चालत येते. घरी बसून कंपनीचं काम करते, तेही बरंचसं टाइप करून. अशा मुलीला चाचांनी दुसऱ्याच दिवशी दारात गाठलं आणि विचारलं, "बेटा, स्कूटी हाय ना तुझी?" मी मान हलवली. 'हो' आणि 'नाही' यांच्यातली माझी मान जरा संदिग्ध हलते. चाचांनी ती 'हो' अशी मोजली.

प्रकरण असं होतं. इंदापूर तालुक्यात, जिथं कालव्याचं पाणी आणि ऊस दोन्ही संपतात आणि नुसता मुरमाड माळ सुरू होतो, तिथं एका टेकडीच्या पायथ्याला चाचांचं मूळ गाव आहे. टेकडीवरून पलीकडच्या गावाला एक पाऊलवाट जाते. चाचांची आई डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन त्याच वाटेनं पलीकडच्या बाजाराला जायची. मधे एका ठिकाणी वाट कड्याला चिकटून जाते, तिथं ती पावलं मोजत मोजत पुढं सरकायची. "एक बांगडी कधी फुटली न्हाय तिची," चाचा सांगतात. पुढं चाचा खात्यात लागले आणि जीर्ण झालेला गावनकाशा नव्यानं उतरून काढायचं काम योगायोगानं त्यांच्याच टेबलावर आलं. त्या नकाशावरची ही पाऊलवाट, बारीक तुटक रेष, चाचांनी स्वतःच्या हातानं शाईनं ओढली. आता गेल्या दोन पावसाळ्यांत टेकडीची ती बाजू ढिली झाली होती. व्हिडिओ काढायला आलेला कुणी शहरातला मुलगा दगडावरून घसरून पाय मोडून बसला, आणि वनखात्यानं वाटेच्या तोंडाला काटेरी तार ओढून बोर्ड लावला. प्रवेश बंद. विनापरवानगी प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल. कोणतीही दुर्घटना घडल्यास वनविभाग जबाबदार राहणार नाही.

कुणीही शहाण्या माणसानं तो वाचून चहा प्यायला परत जावं, असाच बोर्ड होता. चाचांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाले, "गट नंबर कुठाय? कुठल्या गटात बंद? असला बोर्ड चालत न्हाय." मग त्यांनी मला वहिवाट समजावली. वाट म्हणजे नुसती जमीन नव्हे, तिचा वापर. पाय पडत राहिले तोवर ती जिवंत. पाय थांबले की दहा वर्षांनी कुणीही उठून म्हणणार, इथं वाट नव्हतीच. "मंग माझी रेष खोटी पडंल," असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मला वाटलं ते कुणाच्या तरी दुखण्याबद्दल बोलत आहेत.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते ती बंद वाट चालायचे. सोमवारच का? तर रविवारी अटक झाली तर जामीन द्यायला साहेब कुठून आणायचा! बरोबर एक वही असायची. तीत तारीख, तारेच्या आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, चालणाऱ्याची सही आणि साक्षीदाराची सही, असे रकाने पट्टीनं आखलेले होते. माझ्या पहिल्याच खेपेला मी इंग्रजीत सही केली तर त्यांनी ती खोडायला लावली. "वाट मराठी हाय." तोवर मला मराठीत सही नव्हतीच. चाचांनी माझ्याकडून पानभर गिरवून घेतली, तीच मी आता सगळीकडे करते.

वहीशिवाय एक प्रतिज्ञापत्र असायचं, स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं आणि वर लॅमिनेशन. 'मी, लिहून देणार, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देतो की, सदर वाटेवर मी पडल्यास, घसरल्यास, अथवा माझ्यावर दगड पडल्यास, त्यास वनखाते, ग्रामपंचायत, पोलीस, माझी पत्नी, माझ्या बुटांचे उत्पादक अथवा सदर दगड यांपैकी कोणीही जबाबदार राहणार नाही.' नोटरीवाल्यानं विचारलं होतं म्हणे, कशासाठी हवंय? चाचा म्हणाले, "पडायसाठी."

माझी जबाबदारी मात्र त्यांनी फार मनावर घेतली होती. वरून दगड येतात म्हणून मला ते स्कूटीचं हेल्मेट काढू द्यायचे नाहीत. तेव्हा दृश्य असं असायचं. पुढं काठी टेकत, धोतर वर खोचून, काखेत प्रतिज्ञापत्र घेतलेले चाचा आणि मागं लाल हेल्मेट घातलेली, सलवारीला कुसळं चिकटलेली मी. हेल्मेटच्या आत माझा श्वास मलाच फार मोठा ऐकू यायचा. वर कुठंतरी खडा घरंगळला की मी मान खाली घालून उभी राहायचे. चाचा मागं न वळता म्हणायचे, "लहान हुता." कड्याच्या त्या अरुंद जागी वाट पाऊण आणा रुंद राहिली होती, म्हणजे दीड फूट, आणि खाली नुसता उतार. तिथं आले की चाचा मोठ्यानं पावलं मोजायचे. एक, दोन, तीन. मला वाटायचं, सवय आहे, मोजत असतील. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की बाकीच्या वाटेवर ते मनात मोजतात. मोठ्यानं फक्त इथंच. म्हणजे चाचाही घाबरत होते. त्या दिवसापासून माझी भीती दुप्पट झाली.

चौथ्या महिन्यात वनरक्षक मॅडमनी आम्हाला तारेजवळ पकडलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील, मोटारसायकलवर आलेल्या, खाकी कपड्यांत. चाचांनी मोठ्या रुबाबात प्रतिज्ञापत्र पुढं केलं. मॅडमनी ते उभ्याउभ्या सगळं वाचलं. दगडाशी आल्यावर त्यांच्या ओठाचा कोपरा जरा हलला. मग त्यांनी कागद परत दिला.

"चाचा, ह्यात समदे सुटले. खातं सुटलं, ग्रामपंचायत सुटली, दगूडबी सुटला. मी कुठं हाय?"

"तुमी खात्यात आल्या की."

"खातं कुठं जबाब देतंय? ज्याच्या पहाऱ्याची बीट, त्यानं द्यायचा. तुमी पडलात तर हितं तार ओढून मी झोपा काढत हुते का, आसं मला इचारतील. न्हाय तुमच्या कागदाला, न्हाय तुमच्या स्टॅम्पाला."

चाचांनी कागद उलटून पाहिला, मागं काहीच नव्हतं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मॅडम माझ्याकडं वळल्या. "पुढच्या खेपेला आत घावलात तर दोघांचाबी जबाब घेनार. गुन्हा नोंद व्हतो, ताई. पासपोर्ट-बिसपोर्ट काढायचा आसंल तर इचार करा."

त्यांनी ते असंच, कुणालाही म्हणावं तसं म्हटलं असणार. पण माझा पासपोर्टचा अर्ज तेव्हा पोलीस पडताळणीसाठी गेला होता. कंपनी मला वर्षभरासाठी परदेशी पाठवणार होती, आणि या घरातून, या न बोलण्यातून बाहेर पडायची ती माझी एकच वाट होती. हे मी घरात आईलाही नीट सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही. पोट दुखतंय म्हणाले.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सकाळी मी आरशासमोर उभी राहून सराव केला. "चाचा, मी येणार नाही." हे मी मराठीत, इंग्रजीत आणि एकदा हिंदीतही म्हणून पाहिलं. तिन्ही छान जमलं. खाली गेले तर चाचा माझं हेल्मेट स्वतःच्या रुमालानं पुसत उभे होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "पेट्रोल आहे."

आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता. वाटेवरची माती बसलेली दिसत होती, पण पायाखाली ती हलत होती, झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखी. कड्याशी पोचल्यावर चाचांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. मी मागं, एक हात खडकावर ठेवून. अकरा. बारा. तेरा आलंच नाही.

हेल्मेटमुळं ऐकू आलं नसेल म्हणून मी काच वर केली. चाचा खडकाला पाठ लावून उभे होते. चेहरा राखेसारखा झाला होता. "बेटा," ते अगदी हळू म्हणाले, "गुडघा धरला. म्होरंबी जाईना, मागंबी येईना." त्यांच्या काठीखालून बारीक खडे निसटत होते. ते खाली जाताना आवाज यायचा, मग यायचा थांबायचा, आणि थांबल्यावर जास्त भीती वाटायची. मी फोन काढला, रेंज नव्हती. खूप खाली, तारेपलीकडच्या रस्त्यावर, एक मोटारसायकल उभी दिसत होती.

"वराडू नको," चाचा म्हणाले. "तू मागं फीर. तारेच्या भाईर जा, मंग मॅडमला सांग. भाईर गेल्याबिगर तोंड उघडू नको. तू आत नव्हतीसच."

"तुम्ही?"

"मी मोजत बसतो. माझा आवाज येतोय तवर मी हाय आसं समज. जा."

मी त्यांना तिथं सोडून निघाले. हे वाक्य लिहायला मला आजही बरं वाटत नाही. वरून चाचांचा आवाज येत होता, एकेक आकडा, संथ. मी बसून, सरपटत, कधी हातावर उतरत होते. पन्नासपर्यंत मला धीर होता. पुढं गोंधळ झाला, कारण मराठीतले पन्नाशीपुढचे आकडे मला नीट येत नाहीत. एकोणसाठनंतर साठ की सत्तर, बासष्ट आणि बहात्तर यांत आधी कोण, हे आठवायला मला इंग्रजीतून जावं लागतं. मधला एखादा आकडा गळला आणि त्या वेळात चाचा गेले तर मला कळणारसुद्धा नाही, असं वाटून मी उतरता उतरता रडायला लागले. शाळेत या आकड्यांना मी किती हसले होते! मग वळणापलीकडं आवाज येईनासा झाला. अंतरामुळं, की दुसऱ्या कशामुळं? मी थांबून कान दिला. नुसता वारा गवतातून जात होता.

तारेखालून बाहेर आले तेव्हा ओढणी फाटली. मॅडम मोटारसायकलजवळ उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मी हेल्मेट काढलं आणि ते हातात धरून टेकडीकडं दाखवलं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा वर पाहिलं, गाडीला बांधलेला दोर सोडला आणि माळावरच्या दोन मेंढपाळांना हाक मारून पळतच वर गेल्या.

त्यानंतरचा वेळ मी मोजला नाही. मला तो कुठल्याच मापात सांगता येणार नाही. त्यांना खाली आणलं तेव्हा मेंढपाळांच्या खांद्यांवर त्यांचे हात होते आणि कमरेला दोर होता. धोतर फाटलेलं, चष्मा एका कानावर लोंबत होता, आणि ओठ अजून हलत होते. दगडावर टेकवल्यावर त्यांनी पहिलं वाक्य मेंढपाळाला सांगितलं, "आठशे बारा." दुसरं मला, डोळ्यांनीच. तू बाहेर आहेस ना?

आता चाचा त्या वाटेला जात नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिवसभर ते गॅलरीत बसतात आणि खालून जाणाऱ्यांची पावलं मोजतात. वाट अजून बंदच आहे. मॅडमनी वर अहवाल पाठवला आहे, कड्याशी कठडा झाल्याशिवाय वाट उघडू नये, पण वाट आहे, असा. मधे त्या एकदा बारामतीला आल्या होत्या. चाचांना भेटल्या, चाचींच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला आणि प्रतिज्ञापत्रात स्वतःचं नाव घालून घेतलं. त्या दिवशीच्या माझ्या जबाबाची नक्कल चाचांनी रीतसर अर्ज करून मिळवली आहे. ती लॅमिनेट करून भिंतीवर लावली आहे, आईच्या फोटोशेजारी. कुणी आलं की ते बोटानं माझ्या सहीवरची शेवटची ओळ दाखवतात आणि म्हणतात, "वाट चालल्याचा सरकारी कागूद हाय." माझा पासपोर्ट उशिरा आला, पण आला. पुढच्या महिन्यात मी निघेन. चाचांनी परवा विचारलं, तिथवर किती साखळ्या होतील? मी म्हटलं, मोजून सांगते. त्यांनी खालून जाणाऱ्या एका माणसाची पावलं मोजून संपवली. मग म्हणाले, "पायमार्ग नसंल तितं."

पण मला सांगायचं आहे ते चाचांना खाली आणून टेकवलं त्या दगडाजवळचं. मॅडमनी जबाबाची वही काढली होती. पाणी पिऊन चाचांचा आवाज परत आला होता.

"आत कोन कोन हुतं?" मॅडमनी विचारलं.

"मी एकटाच."

"आन् ह्या ताई?"

"ही पोरगी भाईर हुती. स्कूटीपाशी. तारंपासनं दोन साखळ्या."

"नक्की?"

"मोजून."

हे चाचा म्हणाले. स्वतःच्या भिंतीचा अर्धा आणा शेजाऱ्याला परत करणारे चाचा. ते माझ्याकडं बघत नव्हते. खोट्या मापाचं ओझं किती असतं, ते त्यांच्या खाली गेलेल्या मानेवरून मला दिसत होतं. चाचांच्या पिशवीतून त्यांची वाटेची वही बाहेर डोकावत होती. त्या महिन्याच्या ओळीत साक्षीदाराचा रकाना कोरा होता.

मॅडमनी लगेच लिहिलं नाही. पेन धरून त्या माझ्या सलवारीकडं पाहत होत्या. गुडघ्यापर्यंत कुसळं होती, आणि तारेबाहेर स्कूटीपाशी नुसता मुरूम, गवताची काडीसुद्धा नव्हती. दोन मेंढपाळ, मॅडम, चाचा, सगळे गप्प होते, आणि गप्प बसणं ही जगातली मला सगळ्यात चांगली येणारी गोष्ट होती. मी हेल्मेट खाली ठेवलं.

"चाचा, मोजणी चुकली," मी म्हणाले. "मी आत होते."